कर्ण म्हणजे उरेब

८ जुलै १९९६, मंठा

आज संस्थेचं पत्र आलं. नऊ वर्षं मी या शिलाई केंद्रात बायकांना शिकवते आहे. नऊ वर्षांनी संस्थेला शंका आली की मी स्वतः शिकलेली आहे का. पत्रात लिहिलंय, "शिलाई प्रशिक्षिका दहावी उत्तीर्ण असावी. ३० जून १९९७ पर्यंत ही अट पूर्ण न करणाऱ्यांची सेवा समाप्त समजावी." खाली सचिव तातेराव यांची सही. सही एवढी पसरट की तिच्यात तान्ह्या बाळाचं झबलं बेतता येईल.

पत्र घेऊन त्यांच्याकडे गेले.

"नंदाबाई, मनाला लावून घेऊ नका," तातेराव अण्णा म्हणाले. "वरून आलंय."

"वर कोण राहतं अण्णा? तुमच्या माडीवर तर भाडेकरू हायेत."

ते हसले नाहीत. म्हणाले, "तुम्हाला काढून न्हाई राह्यलो आम्ही. मदतनीस म्हणून राहा ना. प्रशिक्षिकेच्या जागी उषाला बसवू. दहावी पास हाय, बीए करून राह्यली. तुमचीच शिष्या. तुमचंच नाव होईल."

माझं नाव व्हावं म्हणून माझी खुर्ची जाणार. उषाला सुईत दोरा ओवायला मी शिकवलं. पहिल्या वर्षी तिनं ब्लाऊजला दोन डाव्या बाह्या लावल्या होत्या, त्या मी उसवल्या. आता ती बसणार आणि मी तिला कातर उचलून देणार.

शाळा माझी नववीत सुटली. बाहत्तरचा दुष्काळ. भूमितीचं पुस्तक घरी राहिलं आणि मी आईसोबत दुष्काळी कामावर माती खोदायला गेले. बाकीचे विषय वाचून निघतील. गणिताशी मात्र माझं चोवीस वर्षांत बोलणं नाही.

ही वही मापाची आहे. पुढून गिऱ्हाइकांची मापं, मागून मी. मदतनीस होणार नाही एवढं आज इथं लिहून ठेवते.

११ जुलै

सतरा नंबरचा फॉर्म आणला. बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा हा फॉर्म. त्यात 'शाळा सोडल्याचे कारण' असा रकाना आहे, बोटभर. मी 'दुष्काळ' लिहिलं. फॉर्म घेणारा कारकून म्हणाला, "घरगुती अडचण लिहा बाई. सगळे तेच लिहितात."

"दुष्काळ आमच्या एकट्याच्या घरात नव्हता," मी म्हणाले. तेच राहू दिलं.

घरी आमचे संपतराव जिनिंगवरून आले. काट्यावर कापूस मोजतात, त्यामुळे प्रत्येक गोष्ट तोलून बोलतात. पाणी पिऊन म्हणाले, "या वयात आता काय कलेक्टर व्हायचं हाय का?"

"न्हाई. मास्तरीण हाय ती राहायचंय."

"आणि नापास झाली मंग?"

"मंग तुमच्या काट्यावर बसवा मला. दगड म्हणून."

२२ जुलै

रखमाजी सरांकडे शिकवणी लागली. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. दुपारी तीन ते चार, त्यांच्या ओसरीवर. फी नको म्हणाले. वर्षभर त्यांच्या बंड्या आणि पायजमे मी शिवायचे असं ठरलं. दुपारचा तेवढा एक तास केंद्रात उषा बायकांना बघते. मी सांगितलं नव्हतं, तिनंच हौसेनं अंगावर घेतलं. म्हणजे आत्तापासूनच खुर्ची गरम करायला घेतली.

सरांची पद्धत अशी की आधी व्याख्या पाठ. "एक व्याख्या, एक मार्क. पुस्तकातला शब्द इकडचा तिकडं करायचा न्हाई."

मी म्हणाले, "सर, पाठ होईल हो. पण पोटात काय गेलं ते कळायला नको का?"

"बरं. बिंदू म्हणजे काय, सांगा तुमच्या शब्दांत."

मी विचार केला आणि म्हणाले, "सुई कापडाला टेकली, अजून आत गेली न्हाई. ती जागा. भोक पडलं की बिंदू संपला, कारण भोकाला रुंदी असती."

सरांनी बंडीच्या खिशातून बोटभर डायरी काढली, त्यात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि परत खिशात घातली.

चुका टिपून ठेवतात, दुसरं काय. पहिल्याच दिवशी माझं खातं उघडलं.

२५ जुलै

समांतर रेषा: पँटच्या बाजूची दुहेरी शिवण.

सर म्हणाले, "आणि त्या कितीही वाढवल्या तरी एकमेकींना भेटत न्हाईत."

"भेटल्या तर गिऱ्हाईक पँट परत आणतं."

डायरी निघाली.

८ ऑगस्ट

आज सर चिडले. चिडले म्हणजे चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

गणित साधं. आयताची लांबी बारा, रुंदी आठ, परिमिती काढा. मी चव्वेचाळीस काढली. क्षेत्रफळ एकशे सतरा.

"चाळीस येतंय नंदाबाई. आणि क्षेत्रफळ शहाण्णव. तुमचं कालचंही चुकलं, परवाचंही. गुणाकार तर बराबर हाय. मंग हे जास्तीचं येतं कुठून?"

मी वही बघितली. मला तर सगळं बरोबर दिसत होतं. बाराला दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा धरून तेरा. आठाचे तसेच नऊ.

"अर्धा-अर्धा कशाचा?"

"मायेचा, सर. शिवणीत दबायला कापड नको का सोडायला? नेमक्या मापाला कापलं तर अंगात जाईल का?"

सरांनी चष्मा घातला. मग म्हणाले, "बाई, हा आयत कुणाच्या अंगात जायचा न्हाई."

वीस वर्षं हाताला सवय आहे की माप ऐकलं की बोट अर्धा इंच पुढे सरकतं. ती मी मनात सोडत होते आणि मलाच कळत नव्हतं. सर म्हणाले, आता नुसतं गणित शिकायचं नाही, आधी शिवणकाम विसरायचं. मी म्हणाले ते जमणार नाही. गणितानं थोडं सरकून घ्यावं.

१९ ऑगस्ट

उषानं तिचं जुनं दहावीचं गाईड आणून दिलं. पानोपानी रेघा मारलेल्या, सोप्या गणितांना फुल्या, कडेला बाण. पुस्तक खराब करायची सवयच या पोरींना. मी म्हणाले, "तुला लागणार न्हाई का?"

"न्हाई बाई. मला आता काय करायचंय?"

बरोबर आहे. पास झालेल्या माणसाला काय करायचंय. टोमणाच तो.

१२ सप्टेंबर

आजचा दिवस लिहायलाच पाहिजे.

वर्तुळाची व्याख्या. घेरदार घागरा बेतताना आम्ही कापडाची चौघडी घालतो, टेपचं टोक कोपऱ्यात दाबून धरतो आणि खडू फिरवतो. उलगडलं की गोल. म्हणून मी ठसक्यात सांगितलं, "एका जागेपासून सारख्या अंतरावर असणाऱ्या सगळ्या बिंदूंचं मिळून वर्तुळ."

"बिलकुल बराबर," सर म्हणाले. "मंग चेंडू पण वर्तुळच का?"

"चेंडू कुठून आला?"

"चेंडूच्या मधल्या बिंदूपासून त्याची सगळी कातडी सारख्याच अंतरावर असती की न्हाई? तुमच्या व्याख्येत तो घुसला."

मी वहीत चेंडू काढून बघितला, घुसलाच होता.

सरांनी पुस्तक पुढे केलं. "प्रतलातील एका स्थिर बिंदूपासून..." असं सुरू होतं ते. प्रतल म्हणजे सपाट पसरलेलं, टेबलावर हात फिरवून बसवलेल्या कापडासारखं. तो एक शब्द मी सोडला होता, आणि तेवढ्या फटीतून चेंडू आत आला.

"म्हणजे हा शब्द राखणीला ठेवलाय," मी म्हणाले.

"व्याख्येत प्रत्येक शब्द राखणीलाच असतो. पाहिजे ते सगळं आत, नको ते सगळं बाहेर. जास्तीचा एक शब्द घातला तर पाहिजे ते बाहेर राहतं. आणि एकदा बेतली की मागून ठिगळ जोडायचं न्हाई."

सर शिवणकामाचं बोलायला लागले आहेत. त्यांना कळलं नसावं. मला मात्र आज पहिल्यांदा पुस्तकातली भाषा मुद्दाम अवघड केलेली वाटली नाही. अंगाला नेमकी बसणारी वाटली. चोळीसारखी. चोळी पण श्वास घेऊ देत नाही, म्हणून काय चुकलेली असते का.

३ ऑक्टोबर

संपतरावांनी आज स्वतःच्या हातानं वरण केलं. मी 'सांख्यिकी' वाचत होते. वरणात मीठ नव्हतं आणि भातात दुप्पट होतं. म्हणाले, "सरासरी बराबर हाय."

हा माणूस माझी पुस्तकं चोरून वाचतो.

सरासरी, माझ्या शब्दांत: रेडिमेड कपडा. सगळ्यांची मापं बघून शिवलेला, कुणालाच न बसणारा.

१७ ऑक्टोबर

दुपारी नववीच्या तीन पोरी गणवेशाच्या मापाला आल्या. एकीनं ओढणीला उरेब पट्टी लावा म्हणून सांगितलं. उरेब म्हणजे कापड आडवं-उभं न कापता कोपऱ्यातून कोपऱ्याकडे तिरपं कापायचं. दुसरी लगेच म्हणाली, "कर्ण म्हणजे उरेब," आणि तिघी खिदळल्या.

मी विचारलं, कुठं ऐकलं हे. म्हणाल्या, रखमाजी सर शनिवारी शाळेत येतात, जादा तास घेतात, त्यांनीच फळ्यावर लिहून दिलं.

म्हणजे आता माझी चेष्टा शाळेपर्यंत पोचली. हे मी सरांना मागच्या आठवड्यात म्हणाले होते, तेव्हा त्यांनी मान हलवून दुरुस्त केलं होतं की उरेब चौरस कापडाचंच चांगलं निघतं, कर्ण मात्र कुठल्याही आयताला असतो. आणि डायरीत लिहून घेतलं होतं. त्या डायरीचं काय होतं ते आज कळलं. वर्गात पोरांना हसवायला वापरतात.

उद्या जाणार नाही.

१८ ऑक्टोबर

गेले. माझं हसं झालं म्हणून मी नापास व्हावं, हा कुठला हिशेब. पण सरांना बोलले. "सर, माझ्या चुका माझ्यापाशी ठेवा. शाळेत वाटू नका."

सर गोंधळले. "चुका कोणत्या?"

"डायरीतल्या."

त्यांनी डायरीवर हात ठेवला, म्हातारी माणसं पानाच्या चंचीवर ठेवतात तसा. म्हणाले, "चौतीस वर्षं शिकवलं मी. आता कुठं पोरं हसून राह्यलीत तासाला."

तेच तर म्हणते मी. हसतातच.

९ नोव्हेंबर

समीकरण. सर नेहमीचा तराजू सांगत होते. तराजू घरी रोज ऐकते, कंटाळा आलाय. मी म्हणाले, "दोन बाह्या. एक बाही दोन बोटं आत घेतली की दुसरी पण दोन बोटं आत घ्यायची. एकीलाच हात लावला की समीकरण बिघडलं."

आणि क्ष? मापाच्या वहीत 'छाती' लिहून पुढे जागा मोकळी ठेवलेली असते. गिऱ्हाईक अजून आलं नाही, पण येणार आहे आणि तिला छाती असणारच आहे. ती मोकळी जागा म्हणजे क्ष. घाबरायचं काय त्यात.

केंद्रात परतले तर उषा वाटच बघत होती. "बाई, मला समीकरण आठवतच न्हाई हो. सांगता का?" मी तिला अर्धा तास बसवून सांगितलं. बारा बायका शिवण सोडून ऐकत होत्या. मध्येच ती विचारायची, "मंग दोन क्ष असतील तर?" "मंग वजा कसं करायचं?" मला घाम फुटला, पण सगळं सांगितलं. कुठं अडलं नाही.

दहावी पास म्हणे. साधं समीकरण येत नाही. आणि हिला माझ्या जागेवर बसवणार.

तिसऱ्यांदा विचारतेय ती असलं काहीतरी. मागच्या आठवड्यात गुणोत्तर विसरली होती.

१४ जानेवारी १९९७

सरांनी सराव परीक्षा घेतली. शंभरात एकोणीस.

पाच महिन्यांनंतर माया परत आली. घाई झाली, हात सुटला. सात गणितांत रीत बरोबर, उत्तर एक-एक मापानं मोठं. सरांनी सातही ठिकाणी लाल गोल केला. आज डायरीही काढली नाही.

दुपारी तातेराव अण्णा केंद्रात आले. त्यांना कसं कळलं ते माहीत नाही, पण त्यांना कळलं होतं. बायकांसमोर म्हणाले, "नंदाबाई, कशाला जिवाला त्रास करून घेता? गणित काय तुमचं काम हाय का?"

बायकांनी मशिनी थांबवल्या. मी म्हणाले, "अण्णा, बाहत्तरला आम्ही चौकडी खोदायचो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल. मधे मातीचा खांब ठेवायचा, खोली मोजायला. मुकादम यायचा, त्या खांबाच्या बुडाशी पायानं माती लोटायचा आणि म्हणायचा, खोली कमी भरली. मला घनफळ शब्द माहीत नव्हता. पण शंभर घनफूट म्हणजे किती, ते माझ्या पाठीला माहीत होतं. मला शब्द आला असता तर त्या दिवशी मुकादमाला थांबवला असता. म्हणून गणित माझं काम हाय."

अण्णा म्हणाले, "ते जुनं झालं."

जुनं झालं. माती लोटायची पद्धत तेवढी जुनी होत नाही.

अण्णा गेल्यावर उषा रडत होती. हिला काय झालं रडायला. जागा तर हिलाच मिळतेय.

१५ जानेवारी

सरांकडे गेले नाही. काज-बटण करत बसले. सत्तावीस काजं केली, एकही वाकडं नाही.

१६ जानेवारी

गेले. मी काही म्हणायच्या आधीच सर म्हणाले, "एक करा. उत्तर लिहिलं की खाली लिहा: हे कापड कापायचं न्हाई. मंग पुन्हा बघा."

आज अकरा गणितं केली. अकरा वेळा लिहिलं. अकरा बरोबर.

२० फेब्रुवारी

आज भांडण झालं. मी उजळणीला बिंदू, रेषा, प्रतल यांच्या व्याख्या म्हणायला लागले तर सर म्हणाले, "ते सोडा. त्यांना व्याख्या नसती."

"काय नसती?"

"मूळ शब्द हायेत ते. न सांगता मानून घ्यायचे. एका शब्दाचा अर्थ दुसऱ्यानं सांगाल, दुसऱ्याचा तिसऱ्यानं, कुठंतरी थांबावं लागतं की न्हाई? गणित तिथं थांबतं."

मी पुस्तक मिटलं. "सर, जुलैत तुम्ही मला विचारलं बिंदू म्हणजे काय. मी सुई सांगितली. ऑगस्टात पुन्हा विचारलं. मी डोकं फोडून घेतलं. आणि आता म्हणता व्याख्याच न्हाई? मंग विचारलं कशाला?"

सर खाली बघून म्हणाले, "तुम्ही सांगत होतात, म्हणून."

हे काय उत्तर झालं? म्हातारपण. दुसरं काय.

पण गणितावर जरा विश्वास बसला. ज्याला सांगता येत नाही तिथं ते सरळ म्हणतं की इथं सांगता येत नाही, मानून घ्या, आणि ते आधीच सांगतं. संस्थेच्या पत्रांत असं कधी लिहिलेलं असतं का?

१९ मार्च

आज गणिताचा पेपर झाला.

वर्गात गेले, बाकावर बसले. बाक सोळा वर्षांच्या ढुंगणासाठी बेतलेलं. पर्यवेक्षक माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, पालकांनी बाहेर थांबावं."

"मी माझीच पालक हाय," मी हॉलतिकीट दाखवलं.

मागची एक पोरगी हसली आणि मग मला तिचा खोडरबर दिला. मी मागितला नव्हता.

समरूप त्रिकोणांची व्याख्या आली. पुस्तकातली लिहिली, शब्दाला शब्द, एकही राखणदार न सोडता. मग राहवलं नाही. खाली लिहिलं: 'म्हणजे आईच्या आणि लेकीच्या पोलक्याचं एकच कागदी कटिंग, लहान-मोठं. याचे मार्क देऊ नयेत, फक्त वाचावे.' तपासणाऱ्यालाही उन्हाळा असतो.

बाहेर आले तर फाटकाशी उषा. भर उन्हात. मराठीच्या पेपरलाही होती, इंग्रजीच्याही. हातात तिची कंपासपेटी, जास्तीची टोकं केलेल्या पेन्सिली. मी नापास होते की काय ते डोळ्यांनी बघायचं असणार. मी म्हणाले, "घरी जा, चक्कर येईल." तर म्हणते, "कर्णाचं आलं का बाई?"

"आलं."

ती हसली. का हसली ते तिचं तिला ठाऊक.

२१ जून

पास. इंग्रजीत काठावर, गणितात एक्केचाळीस टक्के.

संपतरावांनी जिनिंगवर पेढे वाटले. वाटताना म्हणे काट्यावर मोजून वाटले, कुणाला कमी-जास्त नको. सरांकडे गेले तर त्यांनी गुणपत्रिका दोन वेळा वाचली आणि म्हणाले, "माया कुठंच न्हाई?" मी म्हणाले, "न्हाई." मग त्यांनी मला एक वही दिली. वर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय: 'गणिताचे शब्द, बाईंच्या बोलीत.' आत माझंच सगळं, तारखेवार, सुईपासून. शाळेत देणार आहेत म्हणे, पुढच्या मास्तरांना.

माझ्या चुका चांगल्या कागदावर उतरवून काय मिळतं या माणसाला. पण अक्षर सुंदर आहे, म्हणून घेतली.

२७ जून

प्रशिक्षिकेच्या जागेचा अर्ज २५ तारखेच्या आत द्यायचा होता, तो मी सोमवारीच दिला; आज गुणपत्रिका घेऊन संस्थेत गेले. तातेराव अण्णांनी ती उलटी करून पाहिली, मागं काही लिहिलंय का म्हणून.

"अभिनंदन," ते म्हणाले. "पण ही बाहेरून हाय, नंदाबाई. संस्थेला नियमित शाळेतून दहावी पाहिजे."

मी पिशवीतून त्यांचंच पत्र काढलं. टेबलावर ठेवून हात फिरवला, सपाट केलं.

"वाचा अण्णा. 'शिलाई प्रशिक्षिका दहावी उत्तीर्ण असावी.' ही तुमची व्याख्या. यात मी आत हाय का बाहेर?"

"कागदावर न्हाई, पण अर्थ तोच हाय."

"अर्थ कागदावर ठरतो. तुम्हाला 'नियमित' पाहिजे होतं तर तेव्हाच शब्द राखणीला ठेवायचा होता. मागच्या जुलैत बेतलं, आता या जूनला ठिगळ? असं चालत न्हाई."

"कुठं चालत न्हाई?"

"गणितात. आणि इथं पण चालू देणार न्हाई मी."

माझ्या मागे दारात केंद्रातल्या बायका उभ्या होत्या. मी बोलावल्या नव्हत्या. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग कारकून कडूबाला हाक मारली. "उषाचा अर्ज आण रे."

कडूबानं फाईल आणली. "एकच अर्ज हाय साहेब, यांचा. उषाबाईला दोन येळा निरोप धाडल्ता. देते देते म्हणली. परवा मुदत सरली."

अण्णांनी फाईल मिटली. मग म्हणाले, "बरं. टाइप कर."

कडूबानं टाइप करून आणलं: 'श्रीमती नंदाबाई यांस पुढील आदेश होईपर्यंत शिलाई प्रशिक्षिका म्हणून कायम करण्यात येत आहे.' खाली माझ्या सहीची जागा.

"पुढील आदेश म्हणजे कधीचा?" मी विचारलं.

"तसं लिहायची पद्धत असती बाई," कडूबा म्हणाला.

"मंग कायम म्हणजे काय? दोन्ही एका ओळीत कसे राहतील? एक खोडा."

अण्णा म्हणाले, "काही शब्दांना व्याख्या नसती, नंदाबाई."

"बिंदूला नसती, ते मी मानून घेतलं. तुमच्या आदेशाला न्हाई मानणार."

मी बाकड्यावर बसले. बायका दारातच बसल्या, कुणी सुई-दोरा काढला, कुणी काजं घालायला लागली. पाऊण तास गेला. अण्णांचा चहा आला, त्यांनी प्यायला, दुसरा मागवला, तोही प्यायला. मग कडूबा परत टाइपरायटरवर बसला. नव्या कागदावर 'पुढील आदेश होईपर्यंत' नव्हतं. मी तो दोनदा वाचला, एकेका शब्दावर बोट ठेवून. मग सही केली. सही लहान, सरळ, आहे त्या जागेत बसणारी.

आता एक राहिलं. उषा. बीए करून राह्यली, पेपरच्या वेळी तीन-तीन दिवस उन्हात उभी राहायला सवड आहे, आणि अर्जाची एक तारीख लक्षात राहत नाही. एवढी हुशार पोरगी अशी विसराळू कशी निघाली कळत नाही. सोमवारी केंद्रात आली की सगळ्यांदेखत बोलणार आहे मी तिला.